दिवसाला एक खाडी

१.
मुरूड-जंजिऱ्यापासून जयगडपर्यंत किनाऱ्याने खाली उतरायचं, तर चार मोठ्या खाड्या आडव्या येतात: राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सहलीचा बेत आखताना मी आधी या जोड्या कागदावर लिहितो आणि प्रत्येकीला वेगळा दिवस देतो. बाकीचा कागद बराच वेळ कोरा राहू देतो.

२.
सागरी मार्गावरचे साठ किलोमीटर म्हणजे एक तास नव्हे. रस्ता गावाच्या पोटातून जातो, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, समोरून एसटी. कोणीतरी मागे घ्यायचं असतं. दोन तास धरावेत.

३.
"काकू, उद्या दुपारी चौघं जेवायला येतोय."
"मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा. मासे काय मिळतील ते सकाळी कळेल. निघालात की फोन करा."
उद्याच्या दिवसाचं सगळं नियोजन या तीन वाक्यांत झालं.

४.
भरतीचा जुना हिशेब अजून चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तासाने, खरं तर थोडी जास्तच, पुढे सरकते. हा अंदाज आहे, गावागणिक फरक पडतो. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावंच. पण घरबसल्या कोणत्या दिवशी काय पाहायचं हे ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

५.
हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराला वळसा घालून समुद्राच्या बाजूने जाते. ती फक्त ओहोटीला करायची. भरतीच्या वेळी या खडकांवरून लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. तिथे फलक आहेत, स्थानिक लोक ओरडून सांगतात, तरी "आता आलोच आहोत तर" म्हणून लोक उतरतात. ते "आता आलोच आहोत" बेतातूनच येतं: पुढच्या गावची खोली आधीच ठरलेली असते, म्हणून ओहोटीसाठी थांबायला तीन तास उरलेले नसतात.
इथे दोन रात्री राहावं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. दर्शनाचा क्रमसुद्धा मागे फिरायला सांगतो.

६.
हेदवीची बामणघळ नेमकी उलटी. काळ्या कातळात समुद्राने कोरलेली अरुंद चीर. भरतीचं पाणी आत घुसतं आणि कोंडून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते.
आता गंमत अशी की पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास आणि भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर. म्हणजे पहाटे हरिहरेश्वर, दुपारी हेदवी, असं कागदावर बरोबर जुळतं. मध्ये दोन खाड्या आहेत. हा बेत करू नये. बेत जुळतो म्हणून प्रवास होत नाही.

७.
दुपारी बारा ते चार: काही नाही.
हे बेतात लिहावं लागतं. लिहिलं नाही तर तिथे कुणीतरी किल्ला घालतं.

८.
ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं वेळापत्रक दरवर्षी छापून येतं. लाखो माणसं, ठरलेली वाट, आषाढी एकादशीची न चुकवता येणारी वेळ. तरीही त्यात दुपारचं जेवण आहे, जागोजागी विसावे आहेत आणि ते नावानिशी लिहिलेले आहेत. पुण्यात दोन मुक्काम. दिवेघाटाची लांब चाल झाली की सासवडला पुन्हा दोन.
चालणाऱ्यांनी विसावा वेळापत्रकात घातला. गाडीत बसणाऱ्यांना तो वाया गेलेला वेळ वाटतो.

९.
वेळास, तालुका मंडणगड. नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची मादी थंडीत वाळूत अंडी घालून निघून जाते. गावकरी ती अंडी कुंपणाच्या आत, खड्ड्यात जपून ठेवतात, वर टोपल्या पालथ्या घालतात. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, कधी कमी, कधी जास्त. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून पाहतात.
"उद्या नक्की दिसतील ना?" पाहुण्यांमधल्या एकाने विचारलं.
"टोपली उचलल्यावर कळेल."
एका रात्रीसाठी आलेल्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो ताण असतो, तो मला पाहवत नाही. दोन रात्री ठेवल्या तर टोपली उचलण्याच्या तीन वेळा तरी हाती लागतात. तिन्ही वेळा काही निघालं नाही, तरी गाव पाहून झालेलं असतं: घरोघरी सारवलेली अंगणं, पोफळीच्या बागा, पाटाचं पाणी.

१०.
दापोलीजवळच्या मुरूडहून धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. वयाने फार लहान दिसतात म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही.
सहलीच्या छापील पत्रकांत मुरूड: अर्धा तास.

११.
हर्णैचा मासळीचा लिलाव दुपार कलल्यावर बघावा. होड्या किती वाजता येतील हे कुणी लिहून देत नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. लिलाव सुरू होईपर्यंत तो पाहायचा; किल्ल्यासाठी वेगळा दिवस मोकळा असेल तरच होडी करावी.

१२.
आत्या बरोबर असली की बेत आपोआप सुधारतो. दर दीड तासाला चहा. पायऱ्या किती, हे आधी विचारणं. संध्याकाळी दिवे लागायच्या आत मुक्कामी. मी हे नियम आता ती नसतानाही पाळतो. तरुण मंडळीही त्यामुळे कमी भांडतात असं दिसलं आहे.

१३.
वस्तीची एसटी संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे गाडी परत निघते. कोकणातल्या कितीतरी गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध या एका फेरीवर टिकला. गाडी घेऊन जाणाऱ्यांनीही ही वेळ विचारून ठेवावी. सकाळच्या त्या गाडीत कोण बसतं, हे पाहिलं की गाव पुष्कळ कळतं.

१४.
कुणी विचारलंच तर हा नमुना:
पौर्णिमा, हरिहरेश्वर, आदल्या संध्याकाळपासून मुक्काम, पहाटे ओहोटी.
प्रतिपदा, बागमांडल्याहून वेसवी, वेळास.
द्वितीया, वेळास. 
तृतीया, दाभोळहून धोपावे, गुहागर.
चतुर्थी, हेदवी, भरती तीनच्या सुमारास. संकष्टी असेल, तिथल्या दशभुज गणपतीला गर्दी असेल. उधाणाचा जोर थोडा ओसरलेला असेल, म्हणून पाणी पौर्णिमेएवढं उसळणार नाही. चालेल.
पंचमी, गुहागर. व्याडेश्वराचं देऊळ आणि चालायला लांबच लांब किनारा. याहून अधिक काही घालू नये.
यात दापोली नाही, हर्णै नाही, गणपतीपुळे नाही. ते बघून यादी करणाऱ्याला वाईट वाटतं. वाटू द्यावं.

१५.
या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर पलीकडच्या धक्क्यावरची बोट सकाळपर्यंत सुटत नाही. चिपळूणवरून वळसा घ्यायचा म्हणजे जीव टांगणीला. पाहुण्यांच्या निवांतपणासाठी गावाने बोटीची वाट पाहत राहावं, असं म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. पूल झाले की एका दिवसात पाच किनारे म्हणून जाहिराती येतील. गाडी थांबवणारं पाणी खाली जाईल, थांबायचं आपल्यालाच ठरवावं लागेल.

१६.
पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं, गाड्या जपून धावतात. त्या दिवसांत किनाऱ्याने फिरण्याचा हट्ट धरू नये. एकच गाव निवडावं, शक्यतो स्टेशनजवळचं, आणि परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढावं.