गुडघ्यातली चुंबळ

दोन वर्षांपूर्वीचे गणपती. मोदकांसाठी नारळ खवायला विळीवर बसले होते. सात नारळ झाले आणि उठताना उजव्या गुडघ्यात, मागच्या बाजूला, 'कट्' असा आवाज आला. सूनबाईनं विचारलंसुद्धा, "आई, काय मोडलं?" म्हटलं, "काही नाही गं, पाट वाजला." घर माणसांनी भरलेलं. तेव्हा गुडघा कोण बघत बसतंय!

विसर्जनापर्यंत तसंच दामटलं. पुढे मात्र आमची पाखाडी चढवेना. जांभ्याच्या 64 पायऱ्या. लग्न होऊन रत्नागिरीत आल्यापासून दिवसातून चारदा चढ-उतार केलेली. एका डॉक्टरांनी "वय झालं आता" म्हणून तेल नि गोळ्या दिल्या. त्रेपन्न हे काय वय झालं? ह्यांनी तर "बायकांचे गुडघे दुखायचेच" म्हणून पेपर उघडला.

शेवटी भावानं हट्टानं एम.आर.आय. करायला लावला. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टिकचा गुडघाच माझ्या हातात दिला. मांडीच्या हाडाचं टोक गोल, हंड्याच्या बुडासारखं. खाली नडगीचं हाड वरून जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाटावर ठेवली की सगळा भार एका ठिपक्यावर! म्हणून मधे चंद्रकोरीसारख्या दोन चिवट गाद्या, मेनिस्कस. मी पटकन म्हणाले, "अगंबाई, ही तर चुंबळ!" माझी आई विहिरीवरून पाणी आणायची ती जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर.

बाई हसल्या, पण उपमा त्यांना पटली. हंडा चुंबळीला बाहेर ढकलतो. पीळ घट्ट असतो म्हणून ती फाकत नाही आणि भार सगळीकडे वाटला जातो. गादीची दोन्ही टोकंही अशीच बंधांनी नडगीच्या हाडाला जखडलेली असतात. पाय सरळ असताना निम्मा, तर काटकोनात वाकल्यावर सुमारे 85 टक्के भार या गाद्या झेलतात. मधोमध फुलीसारखी दोन लिगामेंट्स हाडांना पुढे-मागे घसरू देत नाहीत. हंड्याला धरलेला हात म्हणा ना! आतल्या अंगाची गादी तर बाजूच्या लिगामेंटला चिकटलेलीच. तिला हलायला जागा कमी, म्हणून इजाही तिलाच जास्त.

माझ्या याच गादीचं मागचं टोक सुटलं होतं. गादी जागेवर, पण पीळ सुटलेला! अशानं हाडावरचं गुळगुळीत अस्तर भराभर झिजतं. उठता-बसता असा आवाज होऊन कळ आली, तर माझ्यासारखं अंगावर काढू नका, बायांनो.

एके काळी फाटलेली गादी काढूनच टाकत. अशा गुडघ्यांत पुढे काय बिघाड होतो, ते 1948 मध्ये फेअरबँक नावाच्या इंग्रज सर्जननं दाखवलं. आता जमेल तिथे टोक पुन्हा हाडाला शिवतात. फार झिजलेल्या गुडघ्यात त्याचा उपयोग नाही. माझी थोडी झीज झालीच होती, पण टाका घालता आला. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. तेवढ्यात हे कुकर लावायला शिकले, हा वरचा फायदा.

परवा सूनबाई पाटावरून उठताना "आई गं" म्हणाली. पाट आणि विळी दोन्ही मी माळ्यावर टाकली. यंदाचे नारळ टेबलाशी बसून हे खवणार आहेत.