घसारा वजा जाता

आयकराच्या हिशेबात मोटारीवर सालाला १५ टक्के घसारा धरतात. मी बी. कॉम. असल्यामुळे असली माहिती मला न विचारता आठवते. आमच्या घरी गाडी आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. म्हणजे कागदोपत्री तिचा जेमतेम सहावा हिस्सा शिल्लक होता. कुठला सहावा, ते मे २०१८ मध्ये पुण्याहून साताऱ्याला लग्नाला निघालो त्या दिवशी कळलं.

पुढच्या सीटवर अण्णा. अण्णांनी २८ वर्षं एस. टी. चालवली. पण आई गेल्यापासून ते दिवसाला चार वाक्यांवर आले होते, आणि त्यातली दोन 'चहा नको' हीच. गाडी आणली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला पायानं टोकरलं आणि आत निघून गेले. शेरा नाही. ऑडिटर शेरा न मारता गेला की आम्हा बँकवाल्यांना झोप येत नाही.

आतला दिवा रात्रभर जळत राहिल्यानं सकाळी बॅटरी बसलेली. ढकलायला सोसायटीतले सहा जण आले, सल्ले अकरा आले. गाडी हलेना तशी शेजारून आवाज आला, "दुसरा टाक. क्लच दाबून धर. आता सोड!" गाडी सुरू! एका दमात तीन वाक्यं! मी सौ.कडे पाहिलं, सौ.नं माझ्याकडे.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर काच खाली केली, ती वर आलीच नाही. खंबाटकी घाटात काटा लाल रेषेला टेकला.

"एसी बंद कर. हीटर लाव."

"अण्णा, मे महिना आहे!"

"हीटरात इंजिनाचंच गरम पाणी फिरतं. तेवढीच उष्णता बाहेर पडेल. लाव."

काटा उतरला. सौ.च्या पैठणीला मात्र अंगावरच इस्त्री झाली. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन मी रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो.

"हात मागे! तोंड भाजून घ्यायचंय? अर्धा तास बसायचं गप."

गप आम्ही बसलो; अण्णा बोलत होते. "तुझी आई एकदा याच घाटातून माझ्या गाडीत होती. पास घरी विसरली, म्हणून कंडक्टरकडून पुरं तिकीट काढलंन. उतरताना मला म्हणते, 'बरी चालवता की!'" आणि हसले. मग बराच वेळ घाटाकडे पाहत राहिले. पाणी निवाल्याचं आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे पाचवडला चाक पंक्चर. स्टेपनी काढली, तर ती आमच्याही आधीपासून पंक्चर. साताऱ्याला पोचलो तेव्हा अक्षता पडून दोन तास झालेले. पंगतीत मठ्ठा तेवढा उरला होता. तो मात्र भरपूर.

रात्री मी हिशेब मांडायला बसलो. खर्चाच्या बाजूला बॅटरी, पंक्चर, नवी ट्यूब, आहेर. जमेच्या बाजूला लिहायला काही सुचेना. "विकून टाकावी," मी सौ.ला म्हणालो.

अण्णा आतून बाहेर आले. "एवढ्यात नको," म्हणाले. "आणि सूनबाई, चहा टाक. अर्धा कप."