दिंडीच्या ट्रॉलीचे छप्पर

आमचे गाव तासगाव तालुक्यातले, येरळाकाठचे. गावची दिंडी लहान. चाळीस-पंचेचाळीस माणसे, एक वीणा, एक मृदंग आणि सामानाला एक ट्रॅक्टर-ट्रॉली. आषाढ वारीत माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. त्यावेळी आम्ही लोणंदच्या मुक्कामी तिला मिळतो. पुढे चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण पाहायचे, मग तरडगाव, फलटण, बरड असे करीत पंढरीची वाट धरायची.

माणसे चालतात. ट्रॉलीत फक्त सामान असते. रस्त्याने कोणाला तीत बसू देत नाही. पण मुक्कामाला पोचल्यावर तीच ट्रॉली चार-पाच म्हाताऱ्या बायकांची खोली होते. त्यासाठी आमच्या गावच्या वेल्डरने एक युक्ती केली आहे. चार कोपऱ्यांना जाड पाइप आणि त्यात सरकणारे बारीक पाइप. मुक्कामाला छप्पर हातांनी वर उचलायचे, चार खिळ्या घालायच्या आणि बाजूंनी ताडपत्री सोडायची. निघताना पुन्हा खाली. उंच छप्पर घेऊन रस्त्याने गेले तर झाडाची फांदी लागते, विजेची तार लागते आणि वाऱ्यात ट्रॉली कलते.

हे छप्पर दहा फूट लांब, सहा फूट रुंद. त्यावर बारा मिलिमीटरचे प्लायवूड होते, आणि ते माझ्या सल्ल्याने घातलेले होते. मी कृषी विस्तार अधिकारी. गावात शिकलेला म्हणून लोक चार गोष्टी विचारतात, आणि आपणही न विचारता दोन सांगतो. प्लाय सपाट असतो, पत्र्यासारखा तापत नाही, असे मी सांगितले. वरून तेलरंगाचे दोन हात दिले. पण कडा आणि स्क्रूची भोके मी तशीच उघडी राहू दिली. पाणी वरून जात नाही, ते कडेने आणि भोकाने जाते. शेतातल्या ताली फुटतात त्याही अशाच, भोकापासून. हे दुसऱ्यांना शिकवणारा मी, आपल्या छपराला विसरलो.

गेल्या खेपेला तरडगावी संध्याकाळी पाऊस लागला. पुरुषमाणसे समाजआरतीला गेलेली. ट्रॉलीपाशी ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या दोन बायका आणि माझी थोरली काकू. छप्पर त्यांनीच उचलायला घेतले. प्लाय पाणी पिऊन फुगला होता. तीन खिळ्या बसल्या, चौथी बसण्याआधी तो कोपरा सुटला आणि काकूच्या मनगटावर आला. फलटणला हाडाला चीर गेल्याचे कळले, आणि तिथून तिला घरी आणावे लागले. एकोणीस वाऱ्या तिच्या पायांनी झाल्या होत्या. विसावी मोडली.

काकू मला एक शब्द बोलली नाही. तेच अवघड गेले. दिवाळीत तिच्या पाया पडायला गेलो तेव्हा म्हणाली, "बाळा, पाय माझे अजून चालत्यात. पर ते छप्पर बायकांच्यानं उचलत न्हाई. तेवढं हलकं कर, मग मी यीन."

मग मी कामाला लागलो. पहिल्यांदा जुने प्लाय काढून बेदाण्याच्या काट्यावर ठेवले. कोरडे असताना ते साधारण 43 किलो भरायला हवे, भरले 61. खालचा लोखंडी सांगाडा 20 किलोंचा. म्हणजे एका कोपऱ्याला वीस किलो. आणि छपरावर पाणी साठले तर? साठ चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे 140 किलो. हा हिशेब मी आधी केला असता तर काकूचा हात वाचला असता.

गावच्या सुताराला घेऊन बसलो. तो म्हणाला, "आण्णा, भाव नंतर विचारा. आधी वजन विचारा, मग पाणी, मग ऊन, आणि शेवटी भाव." त्या क्रमाने आम्ही एकेक वस्तू पाहिली.

सिमेंटचा पत्रा पहिल्याच प्रश्नाला बाद झाला. जड, हादऱ्याने तडकणारा, आणि जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर त्याची धूळ छातीला घातक.

अर्ध्या मिलिमीटरचा जस्ती पत्रा साऱ्या छपराला 22 किलो. स्वस्त. पण पावसात खाली झोपलेल्याला झोप नाही, आणि पहाटे श्वासाच्या वाफेचे थेंब अंगावर. कापलेल्या कडेला गंज लवकर धरतो, हाताला कापतेही.

पॉलीहाऊसला वापरतात तो सहा मिलिमीटरचा पोकळ पॉलीकार्बोनेट पत्रा मला फार आवडला होता. साऱ्या छपराला जेमतेम 7 किलो! पण त्याला उजेड आरपार, म्हणून दुपारी आत काकडीच पिकवावी. शिवाय ऊन-सावलीने तो वाढतो-आखडतो. दहा फुटांत आठ मिलिमीटरपर्यंत. भोके मोठी ठेवावी लागतात, नाहीतर तडा जातो. सुतार म्हणाला, "उचललेल्या छपराला वारा लागला की हा फडफडणार." माझी आवड मी मागे घेतली.

एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा 15 किलो. गंजत नाही. मात्र सपाट पत्र्याला हात लागला की पोचा पडतो, आणि ओल्या लोखंडाला थेट टेकला तर टेकल्या जागी खातो. भावही जास्त.

थर्मोकोल भरलेले जाड पॅनेल उन्हाला सगळ्यांत चांगले, पण दोन्हीकडून पोलादी पत्रा असल्याने वजन पुन्हा प्लायच्या वर गेले.

शेवटी मिरजेत दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे एक वस्तू मिळाली. दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पदर आणि मध्ये प्लास्टिक. तीन मिलिमीटर जाड. पाटीवाले त्याला एसीपी म्हणतात. साठ चौरस फुटांना साधारण 22 किलो, म्हणजे जस्ती पत्र्याइतकेच. पण ताठ, पाणी न पिणारे, पावसाचा आवाज कमी. पांढरा रंग घेतला, तो ऊन परतवतो. एक दोषही सांगतो: मधले प्लास्टिक पेट घेते. म्हणून आता आमचा स्टोव्ह ट्रॉलीपासून दहा फूट लांब.

बसवताना या वेळी घाई केली नाही. दर दोन फुटांवर आडवा पाइप, आणि प्रत्येक पाइपला मध्ये एक इंच बाक, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी ओघळेल. पत्र्याचा जोड पाइपवरच घेतला. पत्रा आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी, प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर, जोडावर सिलिकॉन. कडांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, हाताला लागू नये म्हणून. आणि खिळ्यांना साखळी, म्हणजे अंधारात शोधायला नको.

आता सारे मिळून 42 किलो. एका कोपऱ्याला साडेदहा. पाण्याने भरलेल्या कळशीएवढे. मारुतीच्या देवळापुढे परीक्षा घेतली. पुरुषांना बाजूला उभे केले. चार बायकांनी चार कोपरे धरले आणि छप्पर वर गेले. एक जण हसून म्हणाली, "एवढंच व्हय?" मला मात्र हसू आले नाही.

यंदा काकू आली. तरडगावी पुन्हा पाऊस होता. तिला नको नको म्हणत असताना तिने डाव्या हाताने खिळी घेतली आणि चौथ्या कोपऱ्याला घातली. साखळी ओढून पाहिली. मग म्हणाली, "आता जा तू आरतीला."

वाचकहो, गोठ्याचे छप्पर असो, बेदाण्याच्या शेडचे असो की दिंडीच्या ट्रॉलीचे. दुकानात जाण्याआधी घरात एक प्रश्न विचारा. हे रोज कोण उचलणार, कोण झाडणार, कोण याच्याखाली झोपणार? ज्याचा हात लागणार त्याला विचारल्याशिवाय वस्तू ठरवू नका. मी तो प्रश्न काकूला विचारला, पण एक वारी उशिरा.