पंप ओढ्यावर धुता?

मैत्रिणींनो, फवारणी हे पुरुषांचं काम, असं आपण म्हणतो खरं. पण फवारून आल्यावर पंप विसळतं कोण? ते कपडे पिळतं कोण? आणि रिकामी बाटली ‘कशाला तरी होईल’ म्हणून फळीवर ठेवतं कोण? तिथं बहुधा आपलाच हात असतो. म्हणूनच हा विषय आज तुमच्यापुढे मांडते आहे.

आमचं कागल दूधगंगेच्या खोऱ्यातलं. ऊस आला की हुमणी आली, भाजीपाला आला की अळी आली, आणि त्यांच्यामागून ‘औषध’ आलं. पिकाला ते औषध असेल हो, पण पाण्यात गेलं की निव्वळ विष!

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. सातवीच्या मुलींना एकदा विचारलं, “घरचा पंप कुठे धुता ग?” निम्म्या वर्गाचं उत्तर एकच, “ओढ्यावर, बाई! वाहत्या पाण्यात घाण निघून जाते.” जाते खरी, पण कुठे जाते?

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. सायपरमेथ्रिन हे नाव अनेक घरांत माहीत आहे. १० टक्क्यांच्या औषधाचं एक झाकण, म्हणजे ५ मिलिलिटर, घ्या. त्यात अर्धा ग्रॅम विष असतं. प्रयोगशाळेत पाहिलं तर दर लिटर पाण्यात १ ते ३ मायक्रोग्रॅम विष असलं तरी चार दिवसांत कार्पसारखे निम्मे मासे मरतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सरासरी २ धरले, तर एका झाकणानं अडीच लाख लिटर पाणी बिघडतं. दहा हजार लिटरचे २५ टँकर! मुली अवाक् झाल्या. ओढ्यात बरंचसं विष गाळाला चिकटतं, पाण्याबरोबर विरतं, म्हणून दर वेळी असा अनर्थ होत नाही. पण उन्हाळ्यात ओढा डबक्यांपुरता उरतो, तेव्हा विरायला पाणी असतंच कुठे?

तुम्ही म्हणाल, म्हैस तेच पाणी पिते, तिला काही होत नाही. खरं आहे. या जातीचं विष आपलं आणि गुराढोरांचं यकृत लवकर मोडून टाकतं. माशाला ते जमत नाही, आणि कल्ल्यांवाटे विष थेट रक्तात जातं. याचं मूळ शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात आहे. डासांच्या वड्यांत आणि मशिनच्या बाटलीत त्याचीच भावंडं असतात. घरात माशांची काचपेटी असेल तर तिच्याजवळ वडी लावू नका.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग उंदरांसारख्या प्राण्यांना विष किती बाधतं यावरून ठरतात. हिरवा त्रिकोण म्हणजे माशाला अभय नव्हे. आणि एका विषावर बंदी आली म्हणून प्रश्न संपत नाही. एन्डोसल्फान माशांचं मोठं वैरी. केरळातल्या कासरगोडची दैना गाजली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली. पण दुकानाच्या फळीवर दुसऱ्या बाटल्या आहेतच.

आता थोडं संतापाचं बोलते. काहीजण मुद्दाम डोहात औषध ओतून मासे धरतात. मरळ, वाम, बारीक पिल्लं, सगळं एकदम पालथं पडतं आणि तेच कुणाच्या तरी कालवणात जातं. पाण्यात विष घालून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यातही गुन्हाच होता. ओढ्याचे मासे अचानक ढिगानं आणि स्वस्त आले, तर कुठून आणि कसे धरले हे विचारा. उत्तर पटलं नाही तर त्या दिवशी पिठल्यावर भागवा.

करायचं ते फार अवघड नाही. पंप रानातच धुवा आणि ते पाणी त्याच पिकावर फवारून टाका. बाटली तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पंपात ओता, मग बाटलीला भोक पाडा. तेल-रॉकेलसाठी ती कधीच नको. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, तेही ओढ्यावर नव्हे. आभाळ भरून आलं असेल तर घरच्यांना फवारणी उद्यावर ढकलायला सांगा. आणि पाण्यावर मासे मेलेले दिसले तर ते घरी आणू नका, गुरं तिथं पाजू नका, ग्रामपंचायतीला कळवा.

इचलकरंजीला सुळकूडवरून दूधगंगेचं पाणी द्यायचं की नाही, यावर आमच्या भागात केवढं रण माजलं! पाणी आमचं, हे ठासून सांगायला सगळे पुढे आले. मग आपल्या पाण्यात आपण काय मिसळतो, हेही आपणच पाहायला नको का? येत्या फवारणीला पंप रानात पाठवाल तेव्हा बरोबर पाण्याची एक घागर द्या. म्हणजे ओढ्याची वाट धरावी लागणार नाही.