आकाशातली कणी

तांदळाचे पोते सोडले की आमच्या घरातली जाणती माणसे आधी मूठभर दाणे तळहातावर घेऊन कणी पाहतात. शेतात कणी पिकत नाही. ती किती झाली यावरून दाण्याने किती मार खाल्ला ते कळते. विश्वकिरणांचे अभ्यासक हेच करतात असे वाचल्यापासून मला त्या गहन शास्त्राविषयी घरोबा वाटू लागला आहे.

विश्वकिरण म्हणजे आकाशगंगेतून प्रचंड वेगाने येणारी अणुकेंद्रे. १९४८ साली अमेरिकेत बलूनमधून फोटोच्या जाड लेपाच्या काचा उंच सोडल्या, तेव्हा त्यांत जड केंद्रांचेही माग उमटलेले दिसले. मागाला फुटलेली बारीक कुसळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि हा कार्बन, हा बोरॉन असे ओळखायचे. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असे माग मोजले गेले.

खरी मौज लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन या हलक्या त्रिकुटाची. सूर्यमालेत कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या लाख अणूंमागे यांचा एकही भरत नाही. मग विश्वकिरणांत ही किती? १९५० नंतर यावर विद्वानांत चांगलीच जुंपली. एक पक्ष म्हणे, जवळजवळ नाहीतच. दुसरा म्हणे, भरपूर आहेत. अडचण अशी, की तीस किलोमीटर उंचीवरही बलूनच्या माथ्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा ग्रॅम हवा उरतेच. तिच्यावर आपटून कार्बन फुटला तरी बोरॉन निघतो! म्हणजे कणी मूळची पोत्यातली, की ओतताना आपल्या हातून झालेली?

हवेची वजाबाकी काटेकोर होत गेली, पुढे यानांनी हवेबाहेर मोजणी केली, आणि उत्तर ठरले: त्या तिघांच्या चार-पाच केंद्रांमागे एक हलके. ही सारी वाटेतल्या विरळ वायूवर आपटून झालेली कणी. एवढी कणी व्हायला पाच-दहा ग्रॅम द्रव्य पुरते. म्हणजे वीतभर पाण्याहूनही कमी! बेरिलियमचा एक प्रकार सुमारे चौदा लाख वर्षांत निम्मा होतो. तो किती उरला हे 'एस' यानाने मोजले, त्यावरून २००१ साली हा प्रवास सुमारे दीड कोटी वर्षांचा ठरला. एवढ्या वाटचालीत एवढाच अडथळा!

मला मोल वाटते ते त्या वजाबाकीचे. आकाशाचे किती आणि आपल्या हवेचे किती, हे चोख वेगळे केल्यावाचून पुढचा एकही आकडा खरा ठरला नसता.

दिवाळीच्या सुट्टीत मुले कॅरमवर बोरिक पावडर टाकतील. तिच्यातला बोरॉन बहुतांशी असाच, सूर्य जन्मण्यापूर्वी, आकाशात फुटून झालेला. कणी म्हणून कुणी नाक मुरडू नये!