पेपर तपासतं कोण?

दहावी-बारावीचा निकाल लागला आणि गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले, की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘पेपर नीट तपासलेच नसतील!’ गुण भरघोस मिळाले तर मात्र परीक्षकाची आठवण कुणालाच होत नाही. पेढ्यांचा पुडा जातो तो क्लासच्या सरांकडे.

हा परीक्षक असतो तरी कोण? पुष्कळांची अशी समजूत असते, की बोर्डाच्या कचेरीत बसलेली कुणी बडी मंडळी हे काम करत असतील. प्रत्यक्षात तो असतो शेजारच्या गल्लीतल्या शाळेतला गणिताचा किंवा भूगोलाचा शिक्षक. त्याने कुठली जाहिरात वाचून अर्ज केलेला नसतो. ही वाट शाळेतूनच जाते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे सीबीएसई, संलग्न शाळांकडून त्यांच्या शिक्षकांची माहिती ‘ओएसिस’ नावाच्या संगणकीय नोंदणीत भरून घेतं. कोण, कोणता विषय, कोणत्या वर्गाला, किती वर्षं शिकवतो, हे सारं तिथे असतं आणि परीक्षकांची निवड त्यातून होते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांकडेही नावं शाळा-महाविद्यालयांकडूनच जातात. तेव्हा ज्यांना हे काम करायचं आहे, त्यांनी मुख्याध्यापकांना तसं स्पष्ट सांगावं आणि शाळेने भरलेली आपली माहिती एकदा डोळ्यांखालून घालावी. कागदावर विषयच चुकीचा पडला असेल, तर नियुक्तीपत्र येतच नाही, नाहीतर कधी न शिकवलेल्या विषयाच्या उत्तरपत्रिका पुढ्यात येतात. घरातलं कुणी त्याच परीक्षेला बसलं असेल, तर तेही आधीच कळवायला हवं.

खरी अडचण पुढेच आहे. चांगले शिक्षक हे काम टाळतात. मानधन तुटपुंजं, दिवस उन्हाळ्याचे आणि जबाबदारी भलती मोठी. शाळाही आपल्या हुशार शिक्षकाला सोडायला नाखूष असते, कारण एप्रिलमध्ये सीबीएसईचं नवं वर्ष सुरू झालेलं असतं. शिक्षिकांच्या बाबतीत तर विरोध घरातूनच होतो. सीबीएसईच्या उत्तरपत्रिका घरी आणता येत नाहीत. मग ‘सुट्टीत पाहुणे यायचेत आणि तू दिवसभर पेपर तपासत बसणार?’ असं सासूबाई विचारतात, नवराही मान डोलावतो. याच घरातल्या मुलाचा पेपर कुणीतरी दमून-भागून, घाईघाईने तपासला तर मात्र साऱ्यांचा संताप होतो!

तपासणी एकट्याच्या मर्जीवर चालत नाही, हे खरं. आदर्श उत्तरं ठरवून दिलेली असतात. राज्य मंडळात परीक्षकावर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक असतो. पेपर कोणाचा, हे परीक्षकाला कळू नये अशी व्यवस्था असते. तरीही प्रत्येक ओळ पहिल्यांदा वाचणारे डोळे त्या एका शिक्षकाचेच. वेगळ्या पद्धतीने सोडवलेलं पण बरोबर असलेलं गणित त्याने ओळखायचं असतं आणि मागच्या पानावर लिहिलेलं उत्तरही त्यानेच शोधायचं असतं. तिथे सुटलेल्या दोन गुणांनी एखाद्याचा प्रवेश हुकतो.

पूर्वी ही चूक झाकून जायची. राज्य मंडळाच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नाकारला होता. २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली तो दिला. परीक्षकाचं नाव मात्र गुप्तच ठेवलं आणि ते योग्यच झालं. नाहीतर निकालानंतर नाराज पालक थेट त्याच्या दारात उभे राहिले असते.

मानधनाचं सोडा, पण परीक्षक होऊन आलेल्या शिक्षकाला आणखी काही मिळतं. शेकडो अनोळखी मुलांच्या उत्तरपत्रिका वाचल्यावर मुलं नेमकी कुठे अडखळतात, हे त्याला दिसतं. उत्तर येत असूनही प्रश्नाचा क्रमांक चुकीचा टाकलेला, नकाशाला सूचीच नाही, गणितात उत्तर आहे पण एकक नाही. मग नव्या वर्गात तो पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक आकृती काढतो, तिला मुद्दाम नाव देत नाही आणि विचारतो, ‘याला किती गुण द्याल?’