डब्याला कल्ले नसतात

प्रिय सायली,


तू हॉस्टेलवर ट्यूनाचा डबा उघडतेस आणि वहिनी फोनवर रागावते, ‘तो शिळा मासा कशाला खातेस?’ तुमचा निवाडा करायला मला सांगितलं आहेस. मासळीच्या कारखान्यांतच माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या डब्यावर थायलंडचं नाव आहे. डबाबंद ट्यूना निर्यात करण्यात तो देश जगात पहिला. पण मासा बहुधा तिथला नसतो. जगातला निम्म्याहून अधिक ट्यूना पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमध्ये, किरिबाती, नाउरू, पापुआ न्यू गिनी अशा बेटांच्या आसपास पकडला जातो. डब्यात मुख्यतः स्किपजॅक असतो, आपल्या कुप्याच्या जातकुळीतला. आपल्याकडे ज्या पर्ससीनवरून वाद पेटतात, तेच जाळं तिथे दीड-दोन किलोमीटर लांबीचं असतं. ते थव्याभोवती फिरवायचं, पोलादी दोरानं तळ आवळायचा, की अख्खा थवा आत.

खरी कसोटी इथून पुढे. ट्यूनाच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उष्णतेत पडून राहिला, की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते पोटात गेलं की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन कितीही शिजवलं तरी जात नाही. म्हणून मासा जहाजावर येताच उणे १७ अंशांच्या आसपास थंड केलेल्या मिठाच्या पाण्यात सोडतात आणि तिथेच गोठवतात. पुढे माजुरो, रबाऊलसारख्या बंदरांत तो मालवाहू जहाजावर चढतो आणि गोठलेलाच बँकॉकला पोचतो.

कारखान्यात तो वितळवून, पोट साफ करून वाफेवर शिजवतात. निवाला की टेबलांपाशी ओळीनं उभ्या असलेल्या बायका सुरीनं कातडी, काटे आणि गडद लाल मांस काढून टाकतात. हे लाल मांस मांजरांच्या खाद्याला जातं. थायलंडमधल्या समुत साखोनच्या कारखान्यांत या कामावर म्यानमारहून आलेले मजूर मोठ्या संख्येनं आहेत. मग पांढरं मांस डब्यात भरतात, तेल किंवा मिठाचं पाणी ओततात आणि झाकणाची व डब्याची कड एकमेकींत दुहेरी दुमडून डबा हवाबंद करतात. शेवटी बंद डबे दाबाखाली ११५ ते १२१ अंशांवर तापवतात. बोट्युलिझम ही विषबाधा करणाऱ्या जंतूंचे चिवट बीजाणू नुसत्या उकळीला दाद देत नाहीत, म्हणून एवढी उष्णता लागते. आत जंतू उरत नाहीत, बाहेरून शिरत नाहीत. टिकवण्यासाठी वेगळं रसायन घालावं लागत नाही. तेव्हा वहिनीला सांग, नीट केलेल्या डब्यातला मासा शिळा नसतो.

पण ही उष्णता जंतू मारते, आधीची हयगय भरून काढत नाही. समुद्रावर जे बिघडलं, ते कारखान्यात सुधारत नाही. माशाचंही आणि माणसांचंही. २०१५ मध्ये युरोपीय संघानं बेकायदा मासेमारीवरून थायलंडला ‘पिवळं कार्ड’, म्हणजे ताकीद, दाखवलं. मासेमारी बोटींवर डांबून ठेवलेल्या मजुरांच्या कहाण्याही त्याच सुमारास जगापुढे आल्या. कायदे बदलले, तपासणी वाढली आणि २०१९ मध्ये ते कार्ड मागे घेतलं गेलं. गिऱ्हाईक विचारत राहतं, तेव्हाच असे बदल टिकतात.

बाजारात वहिनी बांगड्याचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. डब्याला कल्ले नसतात, म्हणून लेबल वाचायचं: कुठल्या जातीचा मासा, कुठल्या समुद्रातला, कशानं पकडलेला. मालदीवमध्ये आणि आपल्या मिनिकॉयला अजूनही गळाच्या काठीनं एकेक कुपा ओढून काढतात. त्यात नको ती पिल्लं आणि इतर मासे फार कमी सापडतात. तसा डबा थोडा महाग मिळाला तरी घे. फार स्वस्त डब्याची उरलेली किंमत कुणीतरी जहाजावर किंवा त्या टेबलापाशी मोजलेली असू शकते. खा, पण हे विचारून खा.

तुझी,
आत्या